कोंभाळण्याच्या राहीबाई आणि गावठी बियाण्यांची राखण

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई. १,६४६ मीटर उंचीच्या या शिखराच्या परिसरात, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, डोंगरउतारांवर महादेव कोळी आदी आदिवासी समाजांची गावे वसलेली आहेत. पावसाळ्यात येथील भातखाचरे तुडुंब भरतात आणि दिवाळी उलटली की रोजगाराच्या शोधात माणसे घाट उतरू लागतात. भात, नाचणी, वरई, खुरासणी ही या भागाची पिके, आणि घराच्या कुडावर चढणारे वाल-घेवड्याचे वेल ही येथील भाजीची तरतूद. कोंभाळणे हे याच तालुक्यातील एक लहानसे गाव. तेथील राहीबाई सोमा पोपेरे या शेतकरी स्त्रीला भारत सरकारने २०२० साली पद्मश्री हा किताब जाहीर केला. त्याच वर्षी त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारचे पोपटराव पवार हेही या सन्मानाचे मानकरी ठरले, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे. एकाने गावचे पाणी राखले, दुसरीने गावचे बियाणे.

राहीबाईंचा जन्म १९६४ चा. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. कुटुंबाची जमीन थोडी आणि तीही सर्वस्वी पावसावर अवलंबून. त्यामुळे खरीप आटोपला की साखर कारखान्यावर मजुरीला जाणे, हा घराचा नित्यक्रम होता. अशा घरातील स्त्रीने बियाण्यांच्या जतनाचे काम हाती घ्यावे, यामागे कोणती योजना नव्हती की कोणाची प्रेरणा नव्हती. घरातील नातू आजारी पडला आणि फवारणी केलेल्या भाजीपाल्याचा हा परिणाम असावा, अशी त्यांची धारणा झाली. ही धारणा शास्त्राच्या कसोटीला कितपत उतरेल, हा प्रश्न वेगळा. तिच्यातून जी कृती निघाली ती मात्र निश्चित स्वरूपाची होती. आपल्या लहानपणी जे वाण पेरले जात ते पुन्हा शोधावयाचे, परसात लावावयाचे आणि त्यांचे बी हातचे जाऊ द्यावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. प्रारंभी गावाने या खटाटोपाकडे थट्टेनेच पाहिले.

गावठी वाण मागे का पडले, हे समजून घेताना कोणाला दोष देण्याचे कारण नाही. देशात अन्नधान्याची तीव्र टंचाई असताना १९६६-६७ पासून अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांचा कार्यक्रम हाती घेण्यात आला आणि त्याने कोट्यवधी लोकांच्या मुखी अन्न पडले. ज्वारीचा सीएसएच-१ हा संकरित वाण त्यापूर्वीच, १९६४ मध्ये, प्रसारित झाला होता. १९७६ मध्ये महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ स्थापन झाले आणि खात्रीचे बियाणे खेडोपाडी पोहोचू लागले. परंतु या प्रगतीच्या ओघात एक गोष्ट नकळत घडली. बियाणे ही घरात राखावयाची वस्तू न राहता दुकानातून आणावयाची वस्तू झाली. संकरित वाणाचे बी पुढील वर्षी पेरले तर पहिल्यासारखे एकजिनसी पीक हाती येत नाही. म्हणून ते दर हंगामी विकत घ्यावे लागते. ज्या घरात मजुरी मिळेल तेव्हाच पैसा दिसतो, त्या घराला हा मृगाचा खर्च जड जातो.

आता प्रश्न असा की, उत्पन्नात कमी असलेले हे जुने वाण राखावयाचे तरी कशासाठी? याचे एक उत्तर भाताच्याच इतिहासात आहे. १९७० च्या दशकात आशियातील भातशेतीवर ग्रासी स्टंट नावाच्या विषाणुजन्य रोगाचा घाला पडला. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा गुण आढळला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ‘ओरायझा निवारा’ या रानभाताच्या एका नमुन्यात. त्या गुणाच्या बळावर आयआर-३६ हा वाण तयार झाला आणि पुढे लाखो हेक्टरांवर पसरला. ज्या गवताकडे शेतकऱ्याने ढुंकूनही पाहिले नसते, त्याने आशियाची भाताची कोठारे राखली. कोणत्या वाणात कोणता गुण दडलेला आहे, हे गरज पडेपर्यंत कळत नाही. आणि वाण एकदा नामशेष झाला म्हणजे तो कोणत्याही प्रयोगशाळेत पुन्हा घडविता येत नाही.

बियाण्याची वेचणी

बी राखणे म्हणजे पिकातले उरलेसुरले दाणे बाजूला ठेवणे, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक हे काम पीक उभे असतानाच सुरू होते. सह्याद्रीच्या पट्ट्यातील जाणत्या स्त्रिया वालाचा निरोगी, भरघोस शेंगांचा वेल फुलोऱ्यातच हेरून ठेवतात. त्या वेलाच्या शेंगा भाजीसाठी तोडावयाच्या नाहीत, असा घरात दंडक असतो. त्या वेलावरच पूर्ण वाळू दिल्या जातात. भाताच्या बाबतीत खाचराच्या मधल्या भागातील टपोऱ्या, एकसारख्या लोंब्या निवडल्या जातात आणि वेगळ्या झोडल्या जातात, कारण खळ्यावर एका वाणात दुसऱ्याची भेसळ झाली तर वर्षाची मेहनत वाया जाते. भात, नाचणी, वाल यांचे परागीभवन बहुतांशी फुलातल्या फुलातच होते. म्हणून हे वाण शेजारी शेजारी लावूनही बरेचसे शुद्ध राहतात. भोपळा, दोडका, कारली यांची गोष्ट निराळी. तेथे मधमाशी एका वेलावरून दुसऱ्यावर जाते, आणि दोन प्रकारचे भोपळे जवळ लावले तर बी मिश्र होते. अशा वेलींमध्ये अंतर ठेवावे लागते किंवा त्यांच्या लागवडीची वेळ तरी बदलावी लागते.

त्यानंतरचा शत्रू ओलावा. बियाण्यातील ओलाव्याचे प्रमाण एक टक्क्याने उतरले की त्याचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते, असा बीजशास्त्रातील एक ढोबळ ठोकताळा आहे. राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून, मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपून ठेवण्याच्या जुन्या रीतीचे मर्म यातच आहे. राख ओल शोषून घेते व भुंगेऱ्याला अटकाव करते, लिंपण बाहेरची दमट हवा आत येऊ देत नाही. चुलीच्या वर टांगलेल्या बियाण्याला धुराचा लाभ मिळतो. प्रयोगशाळेच्या परिभाषेत न मांडलेले, परंतु पिढ्यान्‌पिढ्या पडताळून पाहिलेले हे शास्त्र आहे.

राहीबाईंच्या कामाचे मोल या ज्ञानात आहे. त्यांच्याकडे १७ पिकांचे चाळीसहून अधिक वाण जतन झाले. केवळ वालाचेच अनेक प्रकार त्यांनी राखले आणि परिसरातील बचतगटांना व शेतकरी कुटुंबांना लागवडीसाठी दिले. या कामाला पुढे बाएफ या संस्थेची जोड मिळाली. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी वाणांची नोंद, वर्णन आणि साठवणीची शिस्त यांत साहाय्य केले. कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती उभी राहिली, आणि राहीबाईंच्या घरचा साठा गावोगावच्या शेतकऱ्यांना उपलब्ध असलेली बियाणे बँक बनला. या बँकेचा व्यवहार पैशाचा नव्हे. बी न्यावे आणि हंगाम आटोपल्यावर त्याच्या दुप्पट परत आणून द्यावे, असा तेथील रिवाज. साठा वाढतो तो यामुळेच.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. राहीबाईंचा मार्ग म्हणजे नव्या शेतीशी वैर नव्हे. भाताच्या चारसूत्री लागवडीची पद्धत त्यांनी आत्मसात केली, परसातील कुक्कुटपालनाचे तंत्र शिकून घेतले, पाणी अडविण्याचे उपाय योजले आणि पडीक जागेवर भाजीपाला पिकविला. त्यांनी नवे ते नाकारले नाही, एवढेच की जुने टाकून दिले नाही.

शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटले आणि ते नाव रूढ झाले. २०१८ मध्ये बीबीसीने जगातील शंभर प्रभावी स्त्रियांच्या यादीत त्यांचा समावेश केला. २०१८ चा नारीशक्ती पुरस्कार त्यांना मिळाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात त्यांनी पद्मश्री स्वीकारली. सत्कारांची ही यादी आणखी लांबविता येईल, पण तिच्याने वाण टिकत नाहीत.

शीतगृह आणि शेत

दिल्लीतील राष्ट्रीय जनुक कोशात बियाणे उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवले जाते. तेथे ते दीर्घकाळ जिवंत राहते, परंतु ते ज्या दिवशी आत गेले त्या दिवशी त्याचा काळ थांबतो. शेतात दरसाल पेरला जाणारा वाण मात्र बदलत्या पावसाशी, नव्या किडीशी, जमिनीच्या बदलत्या पोताशी जुळवून घेत राहतो. यास्तव दोन्ही व्यवस्था आवश्यक ठरतात. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये राज्याच्या जनुक कोश प्रकल्पास मंजुरी दिली, त्यामागेही हाच विचार आहे.

कायदाही शेतकऱ्याच्या बाजूने आहे, याची जाणीव ग्रामीण भागात पुरेशी नाही. वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण अधिनियम, २००१ याच्या कलम ३९ नुसार आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवघेव करण्याचा व विकण्याचाही अधिकार शेतकऱ्याला आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकू नये, एवढीच अट आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. या नोंदवहीत झाडे व पक्षी यांच्या याद्या सहज भरल्या जातात, पण पिकांच्या वाणांचे रकाने मोकळे राहण्याचा धोका असतो, कारण त्यांची माहिती सहसा बैठकीला न येणाऱ्या वृद्ध स्त्रियांपाशी असते. शिक्षकाने वरच्या वर्गातील मुलांना आपापल्या आजीकडे धाडले तर तिला आठवणाऱ्या वाणांची नावे, त्यांचे पिकण्याचे दिवस, चव आणि सध्या ते बी कोणाच्या घरी आहे, एवढे एका आठवड्यात गोळा होऊ शकते. ही चौकशी मृगापूर्वी, बियाणे मडक्यात असतानाच, व्हावी. म्हणजे नोंदीबरोबर मूठभर बीही हाती लागते.