मद्यमुक्तीच्या परस्परसाहाय्य-सभा आणि लहान गावाचा प्रश्न

मद्यासक्त व्यक्तीस वैद्यकीय उपचार मिळाले म्हणजे प्रश्न सुटला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः उपचार संपतात तेथूनच अवघड काळ सुरू होतो. रुग्णालयातून परतलेला मनुष्य पुन्हा त्याच गल्लीत, त्याच सोबत्यांत येऊन उभा राहतो. ह्या काळात आधार देणारी व्यवस्था म्हणून परस्परसाहाय्य-सभांचे महत्त्व आहे. अशी सभा शोधावी कशी, तेथे घडते काय, आणि लोणारसारख्या तालुक्याच्या गावी कोणती विशेष अडचण उद्भवते, ह्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ह्या पद्धतीचा उगमच एका शोधात आहे. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअरबाजारातील गृहस्थ व्यवसायानिमित्त अमेरिकेतील ॲक्रन ह्या शहरी आला होता. दारू सोडून त्यास जेमतेम पाच महिने झाले होते. अंगीकृत काम फसले आणि पुन्हा प्यावे अशी ओढ निर्माण झाली. तेव्हा त्याने शहरातील धर्मोपदेशकांस दूरध्वनी केले, ते उपदेश मागण्यासाठी नव्हे, तर आपल्यासारखाच एखादा मद्यासक्त भेटावा म्हणून. त्यातून डॉ. बॉब स्मिथ ह्या शल्यचिकित्सकाची गाठ पडली. डॉ. स्मिथ ह्यांचे मद्यपान ज्या दिवशी थांबले तो १० जून १९३५ हा दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा स्थापनादिन मानला जातो. बारा पायऱ्यांचा कार्यक्रम मांडणारा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि भारतात ह्या संघटनेचे कार्य १९५७ साली सुरू झाले.

सभेचे स्वरूप साधे असते. ‘बंद’ सभेस केवळ दारू सोडू इच्छिणारे बसतात. ‘खुल्या’ सभेस कुटुंबीय व अभ्यासकही येऊ शकतात. सदस्यत्वास दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असून शुल्क नाही. खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. प्रत्येक जण स्वतःचा अनुभव सांगतो. मध्येच प्रश्न विचारणे, सल्ला देणे वा दोष काढणे वर्ज्य मानतात. प्रथम येणाऱ्याने बोललेच पाहिजे असे नाही. नुसते ऐकले तरी चालते. पुढे एखाद्या जुन्या सदस्याकडे मार्गदर्शक म्हणून नवागतास पाहता येते. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून ‘अल-ॲनॉन’ ही स्वतंत्र संघटना आहे.

ह्या सभांची परिणामकारकता केवळ श्रद्धेचा विषय राहिलेली नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत २७ अभ्यासांचा व १०,५६५ व्यक्तींचा आढावा घेतला होता. रुग्णास ह्या सभांकडे पद्धतशीरपणे वळविणारे उपचार सलग मद्यवर्जनाच्या बाबतीत अन्य प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरतात, असा तिचा निष्कर्ष आहे. मात्र सभा ही वैद्यकाची जागा घेत नाही. दीर्घकाळ नित्य पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास आकडी येणे वा भ्रमावस्था होणे संभवते. म्हणून आरंभ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा.

महाराष्ट्रात ह्या दोहोंची सांगड घालणारे उदाहरण म्हणून पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सांगता येईल. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनी पु. ल. देशपांडे ह्यांच्या साहाय्याने १९८६ साली ते स्थापन केले. निवासी उपचारांनंतरचा पाठपुरावा हे तेथील कार्याचे महत्त्वाचे अंग आहे.

शहरात सभेचा पत्ता काढणे तितकेसे कठीण नाही. लोणारच्या रहिवाशास मात्र जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात चौकशी करणे, १४४४६ ह्या राष्ट्रीय व्यसनमुक्ती दूरध्वनीवर विचारणे, अथवा संघटनेच्या कार्यालयाकडून जवळच्या गटाची माहिती घेणे, हे मार्ग अवलंबावे लागतात. सभेसाठी मेहकर, जालना वा बुलढाणा अशा ठिकाणी जाण्याची वेळ आली, तर एस.टी.चे भाडे आणि बुडणारी मजुरी ह्यांचा हिशेब आधी करावा लागतो. दूरदृश्य सभांनी ही अडचण काही अंशी कमी केली आहे. पण त्यांसाठी घरात एकांत हवा, आणि तो सर्वांस लाभत नाही.

परंतु अंतराहूनही गहन प्रश्न अनामिकतेचा आहे. संघटनेच्या नावातच गुप्ततेचे वचन आहे. लहान गावात मात्र प्रत्येक जण दुसऱ्यास नावानिशी ओळखतो. तेथे दारूच्या दुकानापाशी दिसण्यापेक्षा सभेच्या दारात दिसण्याचीच लाज अधिक वाटू शकते, कारण पिणे सवयीचे ठरलेले असते आणि सोडणे म्हणजे आजवरच्या दुःखाची जाहीर कबुली ठरते. अशा ठिकाणी दुरून सभेस जाणे हे सोयीसाठी नव्हे, तर अब्रू राखण्यासाठी पत्करलेले कष्ट असतात. म्हणून लहान गावातील अनामिकता ‘कोणी ओळखू नये’ ह्या अर्थाने शक्य नाही. ती ‘ओळखणाऱ्याने बाहेर बोलू नये’ ह्या अर्थानेच जपावी लागते. पहिली परिस्थितीने मिळते. दुसरी माणसांनी एकमेकांस द्यावी लागते.

संघटनेच्या परंपरेनुसार मद्यमुक्तीसाठी एकत्र आलेल्या दोघा-तिघांचाही गट होऊ शकतो. ॲक्रन येथे आरंभी दोघेच होते. तेव्हा तालुक्याच्या गावी गट नसेल, तर इमारत व निधी ह्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. एकमेकांचा शब्द पाळणारी दोन माणसे मिळणे, हीच त्याची पहिली गरज होय.