डोळे आले की कोणते थेंब?

पावसाळ्यात घरात एकाचे डोळे आले की दोन-चार दिवसांत सर्वांचे येतात. जुलै २०२३ मध्ये आळंदीत शाळकरी मुलांचे डोळे मोठ्या संख्येने आले आणि पुढे ती साथ राज्यभर पसरली. अशा वेळी आपण काय करतो? शेजाऱ्यांकडची उरलेली बाटली मागून आणतो, नाहीतर मेडिकलमध्ये जाऊन "डोळे आलेत, ड्रॉप द्या" म्हणतो. या बाटलीत पुष्कळदा स्टिरॉइड असते. त्याची माहिती सभासदांना व विद्यार्थ्यांना असावी, म्हणून हा लेखप्रपंच.

स्टिरॉइड विषाणूला मारीत नाही. लाली, सूज, आग ही शरीर विषाणूशी झुंजत असल्याची लक्षणे आहेत. स्टिरॉइड ती झुंजच दाबून टाकते. डोळा लवकर पांढरा दिसू लागतो, रोगी खूश होतो आणि विषाणू आत निर्धास्त राहतो.

साधी साथ बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरी होते. खरा घात होतो तो हर्पीसमध्ये. ताप आल्यावर ओठाच्या कडेला फोड उठवणारा हा विषाणू डोळ्यातही उपद्रव करतो. लाली, पाणी, उजेड सहन न होणे, सारे साथीसारखेच. मात्र बहुतेक वेळा एकाच डोळ्याला. बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर झाडाच्या फांद्यांसारखी बारीक जखम होते. नेत्रतज्ज्ञ फ्लुरेसिन नावाचा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहतात, तेव्हा ती हिरवी चमकते. मेडिकलच्या काउंटरवर ती कोणाला दिसणार? या जखमेवर नुसते स्टिरॉइड पडत राहिले, तर फांद्या पसरून नकाशासारखा मोठा व्रण होऊ शकतो. तो भरला तरी डोळ्यात फूल राहते.

मग स्टिरॉइड वाईटच काय? तसे नाही. हर्पीसचा दाह पडद्याच्या आतील थरात असेल, तर विषाणूविरोधी औषध सोबत चालू ठेवून दिलेले स्टिरॉइड उपयोगी पडते, हे अमेरिकेतील 'हर्पेटिक आय डिसीज स्टडी'ने १९९४ साली दाखवून दिले. साथीनंतर पडद्यावर ठिपके राहून अंधुक दिसत असेल, तरीही डॉक्टर ते देतात. पण तपासून आणि हळूहळू कमी करीत. मनानेच आठवडेच्या आठवडे टाकल्यास काचबिंदू व मोतीबिंदूचा धोका असतो. यातला काचबिंदू बहुधा दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

बाटलीवर औषधाचे मूळ नाव बारीक अक्षरांत असते. विद्यार्थ्यांनी ते घरातल्यांना वाचून दाखवावे. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडे. अँटिबायोटिकच्या नावाला जोडूनही ती येतात. डोळा दुखत असेल, उजेड सोसत नसेल वा अंधुक दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि आधी टाकलेली बाटली सोबत न्यावी.