रुग्णसेवेचा इतिहास – भाग ६ : गाडी कुणाची, खाट कुणाची?

गेल्या आठवड्यात आपण इंग्लंडमधल्या वर्कहाऊसपाशी, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या जागेपाशी, थांबलो होतो. आता दोन महायुद्धांमधली वीस वर्षं, आणि शहर लंडन. इथे माणसाला काय झालंय, यावरच कोणती गाडी येणार, कुठल्या दारात नेणार आणि पैसे कोण भरणार हे ठरत असे.

घटसर्प झालेल्या मुलाची सोय सगळ्यांत चांगली. १८६७ साली स्थापन झालेल्या मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्डाची गाडी दाराशी येई आणि त्याला साथीच्या रोगांच्या इस्पितळात नेई, तेही फुकट. यात दयाबुद्धीपेक्षा साथ पसरण्याची धास्ती जास्त. रस्त्यात बसखाली पाय सापडला, तर लंडन काउंटी कौन्सिलची गाडी. तिचा कायदा १९०९ सालचा, गाड्या धावल्या १९१५ साली! तोवर जखमींना बहुधा पोलीसच हातगाडीवरून नेत. लंडनबाहेर १९१९ पासून रेडक्रॉस आणि सेंट जॉन यांनी युद्धातून उरलेल्या गाड्या गावोगावच्या रुग्णांसाठी लावल्या.

खरी पंचाईत घरात दुखणं घेऊन बसलेल्यांची. १९११ च्या विमा कायद्यानं कामगाराला डॉक्टर मिळाला; त्याच्या बायकोमुलांना नाही, आणि इस्पितळातली खाट त्यालाही नाही. धर्मादाय इस्पितळात गेलं की आल्मोनर नावाची बाई टेबलापलीकडून विचारी : नवऱ्याची मिळकत किती, घरभाडं किती, खाणारी तोंडं किती? त्यावर रक्कम ठरे. ही चौकशी लोकांना बिलापेक्षा जास्त झोंबे. १९२२ साली निघालेल्या हॉस्पिटल सेव्हिंग असोसिएशनला आठवड्याला तीन पेन्स भरले की ती टळत असे; योजना फोफावली त्यात नवल नाही. म्हातारे आणि जुनाट दुखण्याचे रुग्ण मात्र या नामांकित इस्पितळांना नकोच असत. त्यांच्या नशिबी वर्कहाऊसचा दवाखाना.

हे दवाखाने नेव्हिल चेंबरलेन आरोग्यमंत्री असताना झालेल्या १९२९ च्या कायद्यानं स्थानिक कौन्सिलांकडे गेले. १ एप्रिल १९३० पासून लंडनमध्ये असायलम्स बोर्डाची इस्पितळं, गाड्या आणि गरिबांचे दवाखाने एकाच कौन्सिलच्या हाताखाली आले. मुंबईकराला यात फारसं नवं वाटणार नाही. महापालिकेचं केईएम १९२६ सालीच उघडलं होतं. पण लंडनमध्ये इमारती जुन्याच, फक्त पाटी नवी. हॅमरस्मिथच्या अशाच एका इस्पितळात १९३५ साली पदव्युत्तर वैद्यकीय शाळाही निघाली, तरी आसपासच्या म्हाताऱ्यांच्या लेखी ते वर्कहाऊसच. शिवाय कायद्यात मेख होती. दवाखान्याला गरीबखात्यातून काढून रीतसर सार्वजनिक इस्पितळ करणं कौन्सिलच्या मर्जीवर होतं. लंडननं ते मनावर घेतलं, अनेक ठिकाणी कारभार जुन्याच वळणानं चालला. उपचारही फुकट नव्हते. ऐपतीप्रमाणे वसुली होतच होती.

गाडी बोलवायची कशी, हा प्रश्न उरलाच. नोव्हेंबर १९३५ मध्ये विम्पोल स्ट्रीटवरच्या आगीत पाच बायका दगावल्या. शेजाऱ्यानं अग्निशमन दलासाठी फोन लावला, पण तो टेलिफोन एक्स्चेंजच्या रांगेतच अडकून राहिला. त्यानं ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये अग्निशमन दलाबरोबरच रुग्णवाहिकेसाठीही ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तो फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे. ऑपरेटर हातातलं काम टाकून तो फोन आधी घेई. सार्वजनिक फोनवरून त्याला नाणं लागत नसे. गाडी अशी बिनपैशानं बोलावता येऊ लागली. खाटेचा हिशेब मात्र आल्मोनरच्या टेबलावरच होई.

पुढच्या आठवड्यात : १९३९, आणि बॉम्बच्या भीतीनं एका छत्राखाली आलेली इस्पितळं.