सेटिंग्जमधलं शेवटचं पान

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये खाली सरकत गेलं, की बहुतेक फोनांत सगळ्यात तळाशी 'फोनविषयी' किंवा 'फोनबद्दल' नावाचं पान लागतं. काही कंपन्या ते अगदी वर ठेवतात. सॅमसंगच्या फोनात त्याच्या आत 'सॉफ्टवेअर माहिती' असं आणखी एक पान उघडावं लागतं. सापडत नसेल, तर सेटिंग्जच्या माथ्यावरच्या शोधपट्टीत 'आवृत्ती' किंवा 'व्हर्जन' टाइप केलं तरी तिथे पोचता येतं. आयफोनमधली वाट ठरलेली आहे: सेटिंग्ज, त्यात जनरल, त्यात अबाउट.

जमीन घेताना सातबारा पाहिल्याशिवाय आपल्याकडे कोणी विसार देत नाही. हे पान म्हणजे फोनचा सातबारा आहे. यंत्र कोणतं, कोणी बनवलं, त्याच्या आत कोणती कार्यप्रणाली चालते आणि तिची शेवटची डागडुजी कधी झाली, हे सगळं इथे नोंदलेलं असतं. तरीही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत जुना फोन घेणारी गिऱ्हाइकं कॅमेरा पाहतात, बॅटरी पाहतात, काचेवरचे ओरखडे बोटाने चाचपतात आणि पैसे देऊन मोकळी होतात. बँकेचे व्यवहार, आधारचा ओटीपी, घरातल्यांचे फोटो आता याच यंत्रात असतात. म्हणून हे पान कसं वाचायचं ते नीट सांगायला हवं.

दुकानात 'कुठलं व्हर्जन आहे?' असं विचारलं की बऱ्याचदा वन यूआय ७, हायपरओएस २, कलरओएस १५ असं काहीतरी ऐकायला मिळतं. ही अँड्रॉइडची नावं नाहीत. अँड्रॉइड गूगलचं. त्यावर प्रत्येक कंपनी आपल्या रंगरूपाचा थर चढवते आणि त्या थराला स्वतःचा आकडा देते. हा वरचा आकडा आतल्या अँड्रॉइडशी जुळेलच असं नाही. शाओमीची एमआययूआय १४ काही फोनांत अँड्रॉइड १२ वर होती, काहींत १३ वर. वन यूआय ७ च्या खाली अँड्रॉइड १५ असतं. ॲप चालणार की नाही हे या आतल्या आकड्यावर ठरतं, त्यामुळे पानावर 'अँड्रॉइड आवृत्ती' असं स्पष्ट लिहिलेली ओळच शोधावी.

त्या ओळीमागे आणखी एक आकडा दडलेला असतो, एपीआय लेव्हल. अँड्रॉइड १४ ची पातळी ३४, १५ ची ३५, १६ ची ३६. ॲप बनवणारे आपल्या ॲपला किमान कोणती पातळी लागते ते त्यातच लिहून ठेवतात. फोनची पातळी त्याहून खाली असेल, तर प्ले स्टोअर ते ॲप त्या फोनवर उतरवूच देत नाही. कालपर्यंत चालणारं ॲप फोन रीसेट केल्यावर पुन्हा मिळत नाही, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. १ नोव्हेंबर २०२१ पासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ४.०.४ आणि त्याआधीच्या फोनांची साथ सोडली. त्याच वर्षी २७ सप्टेंबरपासून अँड्रॉइड २.३.७ किंवा त्याहून जुन्या फोनवर गूगल खात्यात शिरणंच बंद झालं. फोन हातात होते आणि चालूही होते, फक्त या एका ओळीने त्यांना बाहेर ठेवलं.

अँड्रॉइडची सुरुवात झाली ऑक्टोबर २००३ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो इथे. अँडी रुबिन, रिच मायनर, निक सीअर्स आणि ख्रिस व्हाइट हे चौघे संस्थापक. २००५ मध्ये गूगलने ही छोटी कंपनी विकत घेतली आणि २००८ च्या सप्टेंबरमध्ये टी-मोबाइल जी१ हा पहिला अँड्रॉइड फोन जाहीर झाला. २००९ च्या १.५ पासून प्रत्येक आवृत्तीला इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने गोड पदार्थाचं नाव मिळू लागलं: कपकेक, डोनट, एक्लेअर, पुढे जिंजरब्रेड, जेली बीन, किटकॅट, लॉलिपॉप. २०१९ मध्ये गूगलने हा रिवाज जाहीरपणे थांबवला आणि नुसतं 'अँड्रॉइड १०' असं नाव ठेवलं. काही भाषांत बोलताना एल आणि आर वेगळे ओळखू येत नाहीत, काही देशांत 'पाय' (pie) हा गोड पदार्थच नसतो, असं कारण कंपनीने दिलं. मला तो निर्णय पटतो. आपला फोन नवा की जुना हे कळायला एखाद्या परक्या मिठाईचं नाव ओळखावं लागू नये. कंपनीच्या आत मात्र ही नावं चालूच आहेत. १४ ला अपसाइड डाउन केक म्हणतात, १५ ला व्हॅनिला आइस्क्रीम, १६ ला बाकलावा.

आवृत्तीच्या ओळीवर बोट भराभर टेकवत राहिलं, की गंमत म्हणून दडवलेलं एखादं चित्र किंवा खेळ उघडतो. ही प्रथा जिंजरब्रेडपासूनची. तेव्हा एका झोम्बी-चित्राने सुरुवात झाली, पुढे नूगा या आवृत्तीत मांजरं गोळा करण्याचा खेळ आला, १४ मध्ये अंतराळयान आलं. त्याच पानावर बिल्ड नंबरला सात वेळा बोट लावलं, की डेव्हलपरांसाठीचे पर्याय खुले होतात. ४.२ पासून ते असे दडवून ठेवलेले आहेत. कोणी अनोळखी माणूस फोनवरून ही सात बोटं टेकवायला सांगत असेल, तर फोन तिथेच ठेवून द्यावा. सामान्य वापरात त्या पर्यायांची गरज पडत नाही.

मराठी वाचकासाठी या आकड्याला एक वेगळा इतिहास आहे. अँड्रॉइड २ च्या काळातल्या पुष्कळ फोनांत देवनागरी फॉन्टच नसायचा. मराठी मजकूर आला, की ओळीच्या ओळी चौकोनी डब्यांनी भरून जायच्या. फॉन्ट असला तरी अक्षरं जोडणारी यंत्रणा अपुरी असायची. मग ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या आधी बसण्याऐवजी नंतर जाऊन बसायची आणि जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली अक्षरं सुटी उभी राहायची. वाचणाऱ्याला शब्द अंदाजाने जुळवावे लागत. देवनागरीची बाजू ४.० आणि ४.१ च्या सुमारास सुधारली. २०१४ च्या लॉलिपॉपमध्ये, म्हणजे ५.० मध्ये, नव्याने आलेल्या पंधरा भाषांत मराठी होती. कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, बंगाली आणि नेपाळीही त्याच वेळी आल्या. तेव्हापासून मूळ अँड्रॉइडची सेटिंग्ज, सूचना, मेनू हे सगळं मराठीतून दिसू शकतं. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला स्वतःचा फोन स्वतः चालवता येतो की नाही, हे त्या काळात आवृत्तीचा पहिला आकडा ४ आहे की ५, यावर अवलंबून होतं. फोनबद्दलच्या लेखनात प्रोसेसर आणि मेगापिक्सेलचे इतके रकाने भरले गेले, पण या बदलाची नोंद फारशी कोणी घेतली नाही, याची मला खंत वाटते.

आता या पानावरच्या सगळ्यात महत्त्वाच्या ओळीकडे येतो. तिथे 'अँड्रॉइड सुरक्षा अपडेट' किंवा 'सिक्युरिटी पॅच' असं लिहून पुढे एक तारीख दिलेली असते.

ही तारीख तिथे आली ती एका मोठ्या हादऱ्यानंतर. जुलै २०१५ मध्ये झिम्पेरियम या सुरक्षा-कंपनीतल्या जोशुआ ड्रेक या संशोधकाने स्टेजफ्राइट नावाच्या भागातल्या त्रुटी जाहीर केल्या. फोनात व्हिडिओ आणि आवाज उलगडण्याचं काम हा भाग करतो. मुद्दाम बिघडवलेला व्हिडिओ एमएमएसने पाठवला, की फोन तो आपोआप उतरवून घ्यायचा आणि मालकाने संदेश उघडण्याआधीच हल्लेखोराला आत वाट मिळू शकायची. २.२ ते ५.१.१ पर्यंतच्या आवृत्त्या यात सापडल्या. झिम्पेरियमचा तेव्हाचा अंदाज ९५ कोटी फोनांचा होता. ड्रेकने दुरुस्त्या काही महिने आधीच गूगलकडे दिल्या होत्या आणि गूगलने त्या स्वीकारल्याही होत्या. पण गूगलच्या भांडारात दुरुस्ती आली म्हणजे लोकांच्या खिशातला फोन दुरुस्त झाला, असं होत नव्हतं. मधे चिप बनवणारी कंपनी, फोन बनवणारी कंपनी आणि कित्येक देशांत मोबाइल सेवा देणारी कंपनी होती. यांपैकी कोणीही थांबलं की दुरुस्ती तिथेच अडायची, आणि ती अडली आहे हे मालकाला कळायला काहीच मार्ग नव्हता.

ऑगस्ट २०१५ पासून गूगलने दर महिन्याला सुरक्षेचं निवेदन काढायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी आलेल्या ६.० मध्ये या पानावर पॅचची तारीख दिसू लागली. साध्या माणसाच्या हाती पडलेलं हे पहिलं मोजमाप. तारखेतला दिवस बहुधा १ किंवा ५ असतो. १ म्हणजे अँड्रॉइडच्या मुख्य भागातल्या त्या महिन्यापर्यंतच्या दुरुस्त्या, ५ म्हणजे त्याशिवाय कर्नल (कार्यप्रणालीचा सगळ्यात आतला गाभा) आणि चिपच्या ड्रायव्हरमधल्याही. अँड्रॉइड १३ आहे आणि तारीख गेल्या महिन्यातली आहे, असा फोन मी अँड्रॉइड १४ आणि दोन वर्षांपूर्वीच्या तारखेच्या फोनपेक्षा बँकेच्या कामासाठी जास्त विश्वासाचा मानेन. आवृत्ती पाहून नव्या सोयी किती ते समजतं, पण दारं बंद आहेत की उघडी, ते तारखेवरूनच समजतं. भारत सरकारची सर्ट-इन ही संस्था अँड्रॉइडमधल्या त्रुटींची सूचना काढते, तेव्हा तिच्यात कोणत्या आवृत्त्यांना धोका आहे तेही दिलेलं असतं. बातमी वाचून घाबरण्याआधी आपल्या पानावरचे हे दोन तपशील तिच्याशी ताडून पाहावेत.

मग हे पान नेहमी खरंच बोलतं का? एप्रिल २०१८ मध्ये बर्लिनच्या सिक्युरिटी रिसर्च लॅब्जमधल्या कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी सुमारे १,२०० फोनांचं सॉफ्टवेअर तपासून निष्कर्ष मांडला, की काही उत्पादकांच्या फोनांत तारीख पुढची दिसते, पण त्या तारखेपर्यंतच्या काही दुरुस्त्या प्रत्यक्षात घातलेल्याच नाहीत. नकली फोनांचा प्रश्न याहून सरळ आहे. आवृत्तीचा आकडा एका साध्या मजकूर-फाइलमधून वाचला जातो. कारखान्यात ती फाइल बदलली, की जुनंपुराणं अँड्रॉइड नवा आकडा मिरवू लागतं. जुना किंवा फार स्वस्तात मिळणारा फोन घेताना आणखी दोन गोष्टी ताडून पाहता येतात. एक म्हणजे यंत्राची माहिती देणाऱ्या एखाद्या विश्वासू ॲपमधली एपीआय लेव्हल. आकडा १४ आणि पातळी २३ असेल, तर तो फोन खरा नव्हे. दुसरी गोष्ट कर्नलची ओळ. अँड्रॉइड लिनक्स कर्नलवर उभं आहे आणि कर्नलची आवृत्ती याच पानावर असते. अँड्रॉइड १४ च्या फोनात ५.१० किंवा ६.१ असे आकडे दिसणं स्वाभाविक आहे, ३.१८ दिसलं तर पैसे खिशातच ठेवावेत. सोबत *#०६# डायल करून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, पानावरच्या आणि खोक्यावरच्या आकड्याशी जुळवावा.

आवृत्ती जुनी राहिली की नुसती ॲपच बंद पडतात असं नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था जगभरच्या असंख्य संकेतस्थळांना सुरक्षिततेची प्रमाणपत्रं फुकट देते. ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडला तिचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र ओळखता येत नव्हतं, आणि ज्या दुसऱ्या प्रमाणपत्राच्या आधाराने काम चालत होतं ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपणार होतं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये संस्थेने सांगितलं, की तेव्हाच्या अँड्रॉइड फोनांपैकी ३३.८ टक्के फोन या जुन्या आवृत्त्यांवर आहेत, म्हणजे तिसऱ्या हिश्शाच्या फोनांवर ही संकेतस्थळं उघडेनाशी होतील. यातून वाट निघाली ती एका विचित्र योगाने. जुनं अँड्रॉइड मूळ प्रमाणपत्राची मुदत तपासतच नाही. त्याचा आधार घेऊन आणखी तीन वर्षांची सोय करण्यात आली आणि ती २०२४ च्या सप्टेंबरमध्ये संपली. ज्यांचे फोन या तीन वर्षांत वाचले, त्यांतल्या बहुतेकांना असं काही घडलं याचा पत्ताही नसेल.

फोन अपडेट का होत नाही, याचा दोष मालकाच्या आळसावर टाकण्याची पद्धत आहे. ती मला अन्यायाची वाटते. अपडेट आलंच नाही तर तो करणार काय? २०१४ च्या सप्टेंबरमध्ये सुंदर पिचाई यांनी दिल्लीत अँड्रॉइड वन जाहीर केलं, तेव्हा मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे ६,३९९ रुपयांपासूनचे फोन आले. अपडेट थेट गूगलकडून आणि दोन वर्षांपर्यंत, हे त्यांचं आकर्षण होतं. स्वस्त फोनवाल्यालाही ताजं सॉफ्टवेअर मिळावं, हा विचार चांगला होता. पुढे गूगलने मुळातच रचना बदलली. २०१७ च्या ८.० मधल्या ट्रेबल प्रकल्पाने चिपशी बांधलेला भाग आणि वरचं अँड्रॉइड वेगळं केलं, त्यामुळे नवी आवृत्ती बसवणं सोपं झालं. २०१९ च्या १० पासून काही भाग प्ले स्टोअरमार्फतच दुरुस्त होऊ लागले. हल्लीच्या फोनात 'गूगल प्ले सिस्टीम अपडेट' अशी आणखी एक तारीख दिसते, ती याचीच. तिच्यावर बोट ठेवून नवं काही आलंय का ते पाहता येतं. ते आपोआप येईलच या भरवशावर राहू नये.

आता पिक्सेल ८ आणि गॅलॅक्सी एस२४ पासूनच्या वरच्या किमतीच्या फोनांना सात वर्षांचं आश्वासन मिळतं. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच केला आहे, की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं कार्यप्रणालीचे अपडेट उपलब्ध असले पाहिजेत. कंपन्यांची आश्वासनं मात्र बहुधा मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजली जातात. दोन वर्षांपूर्वी आलेला फोन आज सवलतीत घेतला, तर सातातली दोन वर्षं आधीच गेलेली असतात. चार वर्षांच्या आश्वासनाचा फोन असेल, तर निम्मीच उरतात. म्हणून दुकानात उभं असताना पानावरचं मॉडेलचं पूर्ण नाव वाचावं, ते मॉडेल कोणत्या महिन्यात आलं ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावं, आश्वासनाच्या वर्षांतून झालेली वर्षं वजा करावीत आणि उरलेल्या वर्षांसाठी ती किंमत परवडते का, ते मग ठरवावं.