नळी तुंबते तेव्हा

घास गिळता न येणाऱ्या रुग्णाला नाकातून जठरात घातलेल्या बारीक नळीने पातळ अन्न देतात. कधी कधी ही नळी तुंबते. असे का होते?

नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाहतो, हे प्वाझय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास प्रयोगाने दाखवले. साका बसून नळीची त्रिज्या सर्वत्र निम्मी झाली, तर प्रवाह निम्मा नव्हे, सोळावा हिस्सा उरतो! दुधातील प्रथिने जठरातील आम्लाने गोठतात, गोळ्यांची जाडसर पूडही अडकते. म्हणून अन्न व औषध देण्याआधी आणि नंतर पाणी सोडून नळी धुतात.

तुंबलेल्या नळीत लहान पिचकारी जोराने दाबू नये. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. दट्ट्याचा व्यास निम्मा असेल, तर तेवढ्याच बलाने दाब चौपट होतो आणि नळी फाटू शकते. म्हणून परिचारिका मोठी पिचकारी घेऊन कोमट पाणी हलकेच आतबाहेर करतात.

खरा धोका निराळाच आहे. नळी सरकली तर अन्न फुप्फुसात जाऊ शकते. यासाठी दर वेळी नळीवरची खूण पाहतात व आतून ओढलेल्या द्रवाचा सामू तपासतात. तो ५.५ किंवा कमी असावा. शंका राहिल्यास क्ष-किरण चित्र काढतात. रुग्णाला ३० ते ४५ अंशांत टेकवून बसवतात. खोकला किंवा धाप लागली, तर अन्न तत्काळ थांबवून डॉक्टरांना बोलवावे.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल, तर एवढे लक्षात ठेवा: घाई आणि जोर, दोन्ही टाळा.