सरकारचा पैसा, वस्तीतली माणसं

दिल्ली उच्च न्यायालयात कलम ३७७ चा खटला चालू होता तेव्हाची गोष्ट. समलिंगी संबंध गुन्हाच राहिले पाहिजेत, असं केंद्रीय गृह मंत्रालयाचं म्हणणं होतं. आणि २००६ मध्ये ‘नाको’ने, म्हणजे आरोग्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, त्याच न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं की या कलमाच्या धाकाने माणसं लपून राहतात आणि लपलेल्या माणसांपर्यंत प्रतिबंधाचं काम पोचत नाही. सरकार एकच, म्हणणी दोन! २००९ च्या निकालपत्रात न्यायालयाने या विसंगतीची दखल घेतली.

नाकोला हे बोलता आलं, कारण तिचा पैसा तोवर कितीतरी वर्षं त्याच माणसांपर्यंत जात होता. १९९२ मध्ये नाको स्थापन झाली आणि एक अडचण लगेच समोर आली. एचआयव्हीचा सर्वाधिक धोका देहविक्रय करणाऱ्या बायकांना, समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना, तृतीयपंथीयांना, सुईने नशा करणाऱ्यांना. आणि सरकारी माणूस दिसला की पहिल्यांदा पळणार तेच. खाकी वर्दी असो की सरकारी जीप, त्यांना दोन्ही सारखीच. मग मार्ग निघाला तो असा: राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेने स्वयंसेवी संस्थेशी करार करायचा, हप्त्याहप्त्याने अनुदान द्यायचं आणि वस्तीत त्या संस्थेने जायचं. या क्षेत्रात याला ‘टीआय’ (टार्गेटेड इंटरव्हेन्शन) प्रकल्प म्हणतात.

त्या अनुदानातून मानधन कोणाला मिळतं, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. प्रकल्पात व्यवस्थापक, समुपदेशक असतातच, पण कणा असतो ‘पिअर’. देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या प्रकल्पात ती स्वतः त्याच वस्तीतली, तोच व्यवसाय करणारी बाई. साधारण ६० जणींमागे एक पिअर. कोण नवीन आली, कोण गावी गेली, कोणाच्या मालकिणीशी दुपारीच बोलायचं, हे तिला कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा जास्त ठाऊक असतं.

तिच्या कामातला एक हिशेब बघा. एका बाईकडे आठवड्याला किती गिऱ्हाइकं येतात, बाहेरून ती किती निरोध स्वतः घेते, मग तिला किती कमी पडतात? हा आकडा प्रत्येकीचा वेगळा काढायचा. सहा महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी झाली का, दवाखान्यात ती आली का, तेही नोंदवायचं. काही प्रकल्पांत या नोंदी चित्रांच्या आणि खुणांच्या तक्त्यावर ठेवल्या गेल्या, म्हणजे अक्षरओळख नसलेलीलाही त्या भरता याव्यात. कुठल्याशा गल्लीतल्या एका खोलीपासून सुरू झालेली ही बेरीज जिल्हा, राज्य करत दिल्लीपर्यंत जाते. सरकारी आकडेवारी इतक्या जवळून उगवते, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

सुईने नशा करणाऱ्यांच्या प्रकल्पात तर वापरलेली सुई परत घेऊन नवी कोरी द्यायची पद्धत आहे, सरकारी खर्चाने. हे ऐकून दचकणारे पुष्कळ असतील. पण एकच सुई चार जणांत फिरली की विषाणूही फिरतो, आणि पुढच्या उपचारांच्या मानाने नवी सुई फार स्वस्त पडते.

नाकोच्या पाहणीत देहविक्रय करणाऱ्या बायकांमधलं एचआयव्हीचं प्रमाण २००३ मध्ये १० टक्क्यांच्या आसपास होतं, २०१०-११ मध्ये ते ३ टक्क्यांच्या खाली आलं. सगळं श्रेय एकट्या टीआयचं नाही, औषधोपचारही वाढले होते. पण या पिअर नसत्या तर हे झालं असतं, असं मला वाटत नाही. म्हणूनच अनुदानाचे हप्ते रखडतात आणि पिअरचं आधीच तुटपुंजं असलेलं मानधन थकतं, तेव्हा चीड येते.

काही ठिकाणी मात्र या बायका मानधनाच्या पुढे गेल्या. कोलकात्याच्या सोनागाछी या देहविक्रयाच्या वस्तीत १९९२ ला डॉ. स्मरजित जाना यांनी सुरू केलेला प्रकल्प १९९९ मध्ये ‘दुर्बार’ या तिथल्या बायकांच्याच संघटनेने चालवायला घेतला. सांगलीतही ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. पुढे नाकोनेही धोरण म्हणून अशा समुदायाच्या संघटनांना थेट प्रकल्प द्यायला सुरुवात केली. ज्यांची नावं एके काळी फक्त लाभार्थींच्या यादीत असायची, त्यांच्या संघटना आता अनुदानाचा करार करतात आणि खर्चाचा हिशेबही सरकारला देतात.