गिऱ्हाइकाशी बोलणे हाही धंद्याचाच भाग

आपल्या समाजात हुन्नर कमी नाही. मिरजेत सतार-तानपुरा घडवणारे हात आहेत, औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) हिमरू विणणारे आहेत, गावोगावी शिंपी, मन्यार, अत्तार आणि बागवान पिढ्यान्‌पिढ्या बाजारात बसत आले आहेत. माल चांगला असतो, भावही वाजवी असतो. तरी पुष्कळदा असे घडते की गिऱ्हाईक येते, वस्तू हातात घेते, भाव विचारते, दुकानदार आकडा सांगतो आणि गप्प बसतो. मग गिऱ्हाईक "बघून येतो" म्हणते आणि परत येत नाही.

हा प्रश्न किरकोळ नाही. ज्याला बोलता येत नाही, तो आपला माल बोलणाऱ्याच्या हवाली करतो. तोच माल मधला व्यापारी उचलतो, शहरातल्या दुकानात गिऱ्हाइकाला चार गोष्टी समजावून सांगतो आणि नफ्याचा मोठा भाग स्वतःकडे ठेवतो. कारागिराच्या पदरी फक्त मजुरी पडते. मग मुलगा म्हणतो, "अब्बा, या धंद्यात काही राहिले नाही."

आपले बरेच प्रामाणिक बांधव कमी बोलतात, त्यामागे एक समजूत आहे. दुकानात जास्त बोलणे म्हणजे बढाया मारणे, खोटी स्तुती करणे, कसमा खाणे, असे त्यांना वाटते. अशा बोलण्यापासून दूर राहणे योग्यच आहे. कसमा खाऊन माल खपतो, पण बरकत निघून जाते, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्याकडून आलेल्या बुखारी शरीफमधील हदीसचा आशय असा की, विकणारा व घेणारा दोघे खरे बोलले आणि त्यांनी वस्तूची खरी स्थिती उघड केली, तर त्यांच्या सौद्यात बरकत होते; लपवले आणि खोटे बोलले, तर बरकत पुसली जाते. आता मालाची खरी स्थिती मुकाट्याने कशी सांगणार? त्यासाठी तोंड उघडावेच लागते.

काहींना मनातून भीती वाटते. घरी दखनी बोलतो, मराठी शुद्ध येत नाही, समोरचा हसेल, असे वाटून ते आखडतात. भीती वाटण्यात कमीपणा नाही. हजरत मूसा (अ.) यांनी फिरऔनकडे जाण्यापूर्वी, आपल्या जिभेची गाठ सुटावी म्हणून अल्लाहकडे दुआ मागितली, आणि अधिक स्पष्ट बोलणारे भाऊ हारून (अ.) यांची सोबतही मागितली. हे पवित्र कुरआनमध्ये आले आहे. त्यांनी दुआ मागितली, सोबत मागितली आणि मग ते बोलायला गेले.

समोरचा आपल्याला हसत असेल हा अंदाजही बहुधा चुकीचा असतो. २०१८ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात काही संशोधकांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला लावून नंतर दोघांना वेगवेगळे विचारले. समोरच्याला आपण जितके आवडलो असे लोकांना वाटत होते, त्याहून ते प्रत्यक्षात जास्त आवडले होते. दुकानातही असेच समजावे. गिऱ्हाईक आपले व्याकरण तपासायला आलेले नसते, त्याला त्याची वस्तू नीट हवी असते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते पाहू.

पहिली गोष्ट, 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर संपणार नाही असा प्रश्न विचारावा. एखादी ताई ब्लाउजचे कापड घेऊन शिंप्याकडे आली. "कधी पाहिजे?" एवढेच विचारले तर "शुक्रवारी" म्हणून बोलणे संपते. त्याऐवजी "कोणत्या कार्यासाठी शिवताय?" असे विचारावे.

दुसरी गोष्ट, उत्तरातला एक शब्द पकडावा. ताई म्हणाल्या, "भाचीच्या लग्नात घालायचा आहे." यात 'लग्न' हा शब्द मिळाला. "लग्न उन्हाळ्यात आहे का? मग अस्तर सुती घालू या, उकाड्यात बरे पडते. आणि कापडाला पाणी दाखवले आहे का? हे धुतल्यावर आटते." पाहा, बोलणे पुढे सरकले, गिऱ्हाइकाचे हित झाले आणि कापडाचा दोषही आधीच सांगून झाला.

तिसरी गोष्ट, आपल्या हुन्नरातली एखादी माहिती द्यावी. तानपुरा घ्यायला आलेल्याला "गाणार कोण? आवाज कोणत्या पट्टीचा?" असे विचारावेच लागते, कारण पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या आवाजासाठी तानपुरा वेगळा असतो. तिथून घोडी घासून जवारी कशी काढतात, तारेखाली दोरा का सरकवतात हे दाखवता येते. मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेही जरूर सांगावे. हे ऐकल्यावर गिऱ्हाइकाला भावामागची मेहनत दिसते. भाव जास्त वाटला तरी तो का आहे हे त्याला कळते.

चौथी गोष्ट, प्रत्येक शांतता भरून काढण्याची घाई करू नये. गिऱ्हाईक कापडावर हात फिरवत असेल, अत्तराचा वास घेत असेल, तर थोडे थांबावे. ते विचार करत असते. त्याने मान वर केली की मग बोलावे.

पाचवी गोष्ट, काही विषय टाळावेत. पगार किती, लग्न का झाले नाही, मूलबाळ आहे का, हे विचारू नये. राजकारण काढू नये. शेजारच्या दुकानदाराची निंदा तर मुळीच करू नये. गीबत हा गुनाह आहेच, शिवाय ऐकणाऱ्याला वाटते की उद्या हा माझ्याबद्दलही असेच बोलेल.

ही सवय एका दिवसात लागत नाही. आमची सूचना अशी आहे की पहिला आठवडा रोज एकाच गिऱ्हाइकाला, भाव सांगितल्यानंतर, एक जास्तीचा प्रश्न विचारावा. दुसऱ्या आठवड्यात दोघांना. उधारीच्या वहीसारखी एक छोटी वही ठेवावी आणि कोणी काय नेले, कशासाठी नेले, ते दोन शब्दांत लिहावे. तीच ताई पुन्हा आल्या की "भाचीचे लग्न नीट पार पडले का?" एवढे विचारले तरी पुढचे बोलणे आपोआप सुरू होते. घरातला मुलगा किंवा मुलगी चांगले बोलत असेल तर त्यांना दुकानात सोबत बसवावे. फोनवर येणाऱ्या मागण्यांची उत्तरे त्यांच्याकडून द्यावीत आणि हुन्नराची माहिती आपण पुरवावी. अशाने बोलणे आपण शिकतो आणि हुन्नर ते शिकतात.

सौदा झाला नाही तरी निरोप चांगला द्यावा. "काही हरकत नाही, पुन्हा या" हे हसतमुखाने म्हणायला खर्च येत नाही. आपल्या भावाला हसतमुखाने भेटणे हादेखील सदका आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले आहे. कारागिराने आपल्या मालाबद्दल खरे आणि गोड बोलायला सुरुवात केली, तर मधल्या माणसाकडे जाणारा पैसा काही अंशी तरी त्याच्याच घरात राहील, आणि मुलालाही बापाच्या धंद्यात काही राहिले आहे असे वाटू लागेल.